पळ्याचा परवाना

३ ऑगस्ट

चि. पळ्यास मामाचे आशीर्वाद.

त्या दिवशी सकाळी मी गाडीची किल्ली तुझ्या हातात दिली नाही, टेबलावरून तुझ्याकडे सरकवली. एरवी किल्ली देताना मी काहीतरी बोलतो. आरसे बघून घे, सावकाश ये, असलं काहीतरी. त्या दिवशी बोललो नाही, कारण त्याच्या आधी नको ते बोलून बसलो होतो. आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या बाकावर शिकायला आलेल्या दोन बायका बसल्या होत्या. तू तिसरी नोकरी भांडून सोडलीस, हे ताईने मला नुकतंच कळवलं होतं. मी त्या बायकांकडे बघत म्हणालो, "आमच्या भाच्याला गाडी थांबवता येते, तोंड थांबवता येत नाही." त्या हसल्या. मीही हसलो. तुझे कान लाल झालेले मला दिसले होते. तरी मामीला डोळ्यांच्या दवाखान्यात सोडायला तुलाच पाठवलं.

पुढचं तुला माहीत आहे. पुलाच्या चढावर तू ट्रकला मागे टाकायला गेलास, समोरून टेम्पो आला आणि मामीच्या बाजूचं दार आत गेलं.

हे फोनवर बोलता येत नाही. फोनवर तू "हो मामा, कळलं मामा" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्रात तुला मला मधेच तोडता येणार नाही, म्हणून पत्र. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी सांगत, पत्र लिहिलं की रात्रभर उशाशी ठेवावं, सकाळी पुन्हा वाचावं आणि मगच पेटीत टाकावं. तूही तसं करून बघ.

मामी बरी आहे. हाड जुळलं. तिची काळजी करू नकोस.

एक विचारतो, रागावून नाही. त्या चढावर तुझ्या मनात काय होतं? रोज सकाळी मी देवापुढे बसतो, तेव्हा नामस्मरणात हाच प्रश्न मधे येतो. आठवेल तेवढं लिही.

तुझा,
मामा

ता. क. मामी म्हणते, "त्याला म्हणावं, जेवत जा वेळेवर. बाविसाव्या वर्षी पोट बिघडलं की जन्मभर बिघडतं."


६ ऑगस्ट

ती. मामास साष्टांग नमस्कार. (कागदावरच समजून घे. नव्या कामात फरशीच्या पेट्या उचलून कंबर धरली आहे, खाली वाकलो तर गोदामातल्या पोरांना मलाही उचलून ठेवावं लागेल.)

तुझं पत्र दुपारी आलं आणि मी लगेच लिहायला बसलो आहे. लगेच टाकणार आहे. उशाशी ठेवलं तर सकाळी फाडून टाकेन, माझा मला भरवसा नाही.

तुला वाटतं मला वेगाची नशा आहे. आईलाही तेच वाटतं. मामा, मला वेगाची भीती वाटते. मित्र मोटारसायकलच्या शर्यती लावतात, तेव्हा मी कडेला उभा राहून त्यांचे मोबाइल सांभाळतो. मला 'भित्रट' म्हणतात. विचार कोणालाही.

त्या चढावर मला ट्रक दिसतच नव्हता. त्या दोन बायका दिसत होत्या, हसताना. आणि तू. वाटलं, हा ट्रक मागे टाकला की ते हसणंही मागे पडेल. आता लिहिताना हे वेड्यासारखं वाटतं. तेव्हा वाटत नाही, तेव्हा अगदी बरोबर वाटतं. पाय खाली जातो तो मी नेत नाही, तो जातो. आणि धक्का बसला त्या क्षणी राग गेला. असा गेला, जसा काही आलाच नव्हता. राहिला मी आणि समोरची फुटलेली काच.

मामी ओरडली नाही. धडकेच्या आधी फक्त म्हणाली, "हळू रे राजा." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तू माफी मागितलीस की नाही ते पत्रातून कळलं नाही, पण मी मागितली असं धरलं. विषय संपला.

आता कामाचं. इथे एक छोटी शाळा आहे. मुलांना ने-आण करणारी व्हॅन त्यांच्याकडे आहे आणि ड्रायव्हर सोडून चालला आहे. शाळेचे संस्थापक आमच्या मुकादमाच्या ओळखीचे आहेत, मला घ्यायला तयार आहेत. पण अपघातापासून माझा परवाना निलंबित आहे. तो सोडवायचा तर मान्यताप्राप्त स्कूलचं पत्र लागतं, की याला पुन्हा शिकवलं आणि हा आता नीट चालवतो. असं स्कूल जगात माझ्या माहितीत एकच आहे.

नाहीतर जन्मभर फरश्या. त्याही दुसऱ्यांच्या घरात बसणाऱ्या.

मामी जिना चढते ना आता? तिला सांग, जेवतो.

तुझा,
पळ्या


२९ ऑगस्ट

चि. पळ्यास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा सकाळी वाचून बाजूला ठेवलं. हे चौथं.

इतकी वर्षं मी शेजारच्या सीटवर बसून लोकांना शिकवतो आहे. वेगात जाणारी तरुण मुलं मी पुष्कळ पाहिली, पण ती सगळी एका जातीची नसतात. काहींना वेग खरंच आवडतो. त्यांचे डोळे पहिल्याच दिवशी चमकतात. त्यांना धरून ठेवावं लागतं, पण ती ओळखू येतात. काही पुढचा विचारच करत नाहीत. वळण आल्यावर त्यांना वळण आठवतं. त्यांना मी पुढे काय येणार आहे ते मोठ्याने बोलायला लावतो, हळूहळू सुधारतात. आणि काही तुझ्यासारखी. मन जागेवर असेपर्यंत माझ्याहूनही चांगली चालवतात. इशारा देतील, अंतर ठेवतील, म्हाताऱ्याला रस्ता ओलांडू देतील. पण आत काही पेटलं, की गाडीत दुसराच कोणीतरी येऊन बसतो. अशा मुलांचं अवघड हेच, की ती सगळ्या परीक्षा पास होतात. परीक्षेत कोणी त्यांचा अपमान करत नाही.

आता एक सांगतो. आपल्या गाडीत माझ्या पायाशी दुसरा ब्रेक आहे, तू तो पाहिला आहेस. शिकणाऱ्याची चूक झाली की मी तो दाबतो, आणि त्याला कळावं म्हणून जोरात दाबतो. गाडी गचका खाते, माणूस घाबरतो, पुढच्या वेळी शिकतो. तू शिकत होतास तेव्हा मी तो हलकाच दाबायचो. तू मनाला लावून घेतोस, दोन दिवस जेवत नाहीस, हे मला माहीत होतं. गाडी तूच थांबवलीस असं तुला वाटायचं. मीही "शाबास" म्हणायचो.

पुढच्या महिन्यात सुट्टी घेऊन ये. आठवडाभर माझ्याबरोबर चालव, मग बघू. पत्राचं वचन आत्ता देत नाही.

मामी मजेत. तुझी वाट बघते आहे.

तुझा,
मामा


१२ ऑक्टोबर

ती. मामास साष्टांग नमस्कार. (या वेळी खरा. खोलीत दार लावून घातला.)

परवाना हातात आला! तुझं पत्र खिडकीवरच्या साहेबांनी दोनदा वाचलं. "मामांनी लिहिलंय वाटतं," म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, मामांनीच लिहिलंय, पण आठवडाभर घाम काढून." हसले आणि शिक्का मारला.

तो आठवडा मी विसरणार नाही. आपण दोघं सकाळी निघायचो, तू खिडकीतून झाडं बघत बसायचास. एकदाही टोकलं नाहीस. शेवटच्या दिवशी तू म्हणालास, "माझ्या पायाला काहीच काम राहिलं नाही." मामा, मला इतकं बरं आजवर कोणी बोललेलं नाही.

मामीची मात्र मजा वाटली. आठवडाभर खुर्चीतून उठली नाही! चहा तू करणार, ताटं तू उचलणार, दारावरची बेल वाजली की तू पळणार. आणि ती राणीसारखी बसून मला विचारणार, "अजून वाढायला सांगू का रे त्याला?" म्हातारपणी बायकोची सेवा लागली म्हणायची तुझ्या मागे. मी निघताना तिने मला जवळ बोलावून पाठीवर एक धपाटा घातला. जोर आहे अजून हातात.

व्हॅनवर कालपासून आहे. मुलं मला 'ड्रायव्हरकाका' म्हणतात. बाविसाव्या वर्षी काका झालो! पुढच्या सीटवर एक चिमुरडी बसते, ती दर सिग्नलला विचारते, "काका, हा लाल का झाला?" मी म्हणतो, "आपल्याला बघून लाजला."

आईला सांग, या वेळी नोकरी टिकणार.

तुझा,
पळ्या


२ नोव्हेंबर

चि. पळ्यास आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने ताईला फोनवर वाचून दाखवलं. ताई रडली आणि हसली. सिग्नल लाजल्याचं तिला फार आवडलं.

मला एकच विचारायचं आहे. तिथे तुला कोणी टाकून बोलतं का? संस्थापक कसे आहेत? काही लागलं मनाला, तर गाडीत बसण्याआधी पाणी पी, आवाराभोवती एक फेरी मार, देवाचं नाव घे. घेत नसशील तर मुलांची नावं घे. उशीर झाला तर होऊ दे. उशिराबद्दल बोलणी खा, पण त्या बोलण्यांसकट गाडी सुरू करू नकोस.

तू म्हणशील मामाचं प्रवचन सुरू झालं. होऊ दे.

मामी ठीक.

तुझा,
मामा


२३ नोव्हेंबर

ती. मामा, सा. न.

प्रवचन पोचलं. पाणी पितो. फेरीला वेळ नसतो.

संस्थापक कसे आहेत विचारलंस. परवाचंच सांगतो, म्हणजे कळेल. सकाळी एका मुलाचा बूट सापडेना, त्याच्या घरासमोर थांबावं लागलं. शाळेत पोचलो तर प्रार्थना सुरू झालेली. संस्थापक फाटकातच उभे. सगळ्या शिक्षिकांसमोर म्हणाले, "गोदामातून माणूस आणला की असंच होणार. फरश्या आणि पोरं यांतला फरक कळत नाही." मी काही बोललो नाही मामा! बघ, तोंड थांबवलं.

पण संध्याकाळी मुलांना सोडायला निघालो, तेव्हा ते शब्द कानातच होते. तळ्याकाठच्या वळणावर जरा जोरात घेतली. मागून सगळी कार्टी ओरडायला लागली, "काका, अजून जोरात! अजून जोरात!" त्यांना काय मजा आली म्हणून सांगू. एक सायकलवाला मधे आला. म्हणजे तो कडेनेच चालला होता, पण घाबरून खाली उतारावर गेला आणि पडला. आरशात बघितलं, उठून कपडे झाडत होता. म्हणजे काही झालं नाही. चिमुरडीला उलटी झाली, तिची आई म्हणाली दुपारचं काहीतरी बाधलं असेल. घरी येईपर्यंत मन मोकळं. संस्थापकांचा चेहराही आठवेना.

तुला लिहिलं नसतं तरी चाललं असतं, पण तुझ्यापासून मी काही लपवत नाही.

मामीला म्हणावं, खुर्ची सोड आता. वजन वाढेल.

तुझा,
पळ्या


३० नोव्हेंबर

चि. पळ्यास आशीर्वाद.

हे पत्र पोचेल तोवर तुला शाळेतून कळलेलं असेल. फोन कर. मी उचलेन, आणि तू बोलशील ते सगळं ऐकेन. पण काय झालं आणि का झालं, ते इथे लिहितो.

तुझं पत्र आधी मामीने वाचलं. अधूनमधून हसत होती. मग माझ्याकडे देऊन म्हणाली, "मोठ्याने वाच, मजेदार आहे." मी वाचलं. सायकलवाल्यापाशी आलो तेव्हा ती हसायची थांबली. "म्हणजे काही झालं नाही," हे वाक्य वाचल्यावर मी पत्राची घडी करून ठेवली.

तू काही लपवत नाहीस. आम्ही लपवलं. मामीचा खुबा जुळला, पण वाकडा जुळला. काठीशिवाय ती दारापर्यंत जात नाही आणि जाणारही नाही, असं डॉक्टर सांगून चुकले. वरची खोली आम्ही बंद केली, पलंग पुढच्या खोलीत आणला. तू येणार त्या सकाळी ती तू यायच्या आधीच खुर्चीत जाऊन बसली, आणि काठी मी कपाटाच्या मागे ठेवली. बेत तिचा होता. "पोराने बघितलं तर खचेल," म्हणाली. मला तो बेत पटला. बायकोच्या सेवेची तुझी थट्टा वाचून आम्ही एकमेकांकडे बघून हसलोसुद्धा. तुझ्या हातून काय घडलं हे तुला कळलंच नाही, कारण आम्ही ते तुझ्यापर्यंत पोचू दिलं नाही. मग सायकलवाला उठला म्हणजे काही झालं नाही, असं तुला का वाटू नये?

दुसरी चूक माझी एकट्याची. तू आठवडाभर आलास, तेव्हा मी ठरवून एकही टोचणारा शब्द बोललो नाही. पहाटेचे मोकळे रस्ते निवडले. तुझ्यात काय दुखणं आहे ते मी स्वतःच तुला लिहिलं होतं, आणि परीक्षा घेताना नेमकं तेवढंच तपासलं नाही. तू उत्तम चालवलीस. उत्तमच चालवणार होतास. मी त्यावर सही केली, कारण मला ती करायची होती. तुझा चेहरा उजळलेला बघायचा होता.

ती सही परत घ्यावी का, यावर दोन दिवस घरात वाद चालला. मामी म्हणाली, "पाय माझा मोडला. मी त्याला माफ केलं. मग तू मधे कोण?"

मी म्हणालो, "तू तुझ्या पायापुरतं केलंस. त्या गाडीत बसणाऱ्या पोरांच्या वतीने कोण करणार?"

"त्याला समजावून सांग. इथे बोलाव. दोन थोबाडीत दे."

"आजवर समजावलंच ना?"

"पुन्हा नोकरी गेली तर तो कुठे जाईल, विचार केलास? एवढा मन लावून करतोय. आणि ताईला काय सांगणार? भाचा होता म्हणून दिलं आणि भाचा होता म्हणून काढून घेतलं?"

मी उठून देवापुढे बसलो. खरं सांगायचं तर मला तिथून एकच उत्तर हवं होतं. वाटत होतं, आतून आवाज यावा की राहू दे, पोरगं सुधारेल, वय आहे. तसा आवाज आला नाही. डोळे मिटले की ती पुढच्या सीटवरची मुलगी दिसायची, जिला मी कधी पाहिलेलं नाही. उठलो तेव्हा मामी म्हणाली, "जाणार असशील तर आजच जा. उद्या मी जाऊ देणार नाही." आणि तोंड भिंतीकडे केलं.

आधी शाळेत फोन लावला. संस्थापक म्हणाले, "अहो, मुलांचा तो लाडका आहे." मी म्हणालो, "असणारच. माझाही आहे. पण आज संध्याकाळी मुलांना त्याच्याबरोबर पाठवू नका." आणि हेही म्हणालो, की माणसाला चारचौघांत फरश्यांवरून बोलू नये. मला ते बोलायचा अधिकार नव्हता, मी त्यांच्या आधी तेच केलं आहे.

तू इथे ये. काम मिळेपर्यंत ये, नाही मिळालं तरी ये. मामीला धरून दारापर्यंत नेण्याचं काम आहे, ते मी एकट्याने करतो. गाडी मात्र मी तुला देणार नाही. कधी देईन, ते सांगता येत नाही. तू माझ्याशी बोलणं टाकलंस तर तेही मला समजेल. ताईला मी स्वतः जाऊन सांगेन.

फोन झाल्यावर परवाना कार्यालयात गेलो. खिडकीवर तुझ्या पत्रावर शिक्का मारणारे तेच साहेब होते. "दिलेलं पत्र परत घ्यायला आलोय," म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"भाचा ना तुमचा? घरात काही वाजलं का?"

"घरातलं कारण नाही."

"मग कारण काय लिहू? अपघात झालाय नवीन?"

"नाही. होण्याआधी आलोय."

"असं कारण आमच्याकडे नसतं हो. काहीतरी लिहावं लागेल."

"लिहा, प्रशिक्षकाने परीक्षा नीट घेतली नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मास्तर, हे लिहिलं तर परवाना आत्ता थांबेल, पण तुमच्यावर चौकशी लागेल. ती होईपर्यंत स्कूल बंद ठेवावं लागेल. घरी जा, विचार करा, उद्या या."

उद्या आलो नसतो, पळ्या. मी मला ओळखतो. त्यांना तिथेच लिहायला लावलं, वाचून घेतलं आणि खाली सही केली.

मामा